प्रार्थना खातं माझ्याकडे

२ मार्च, रविवार. दुपार.

बिरवाडीच्या उपासनेला आज पुण्याहून पाहुणे वक्ते आले होते. विषय : स्वप्न, प्रार्थना आणि कष्ट. देवाने प्रत्येकाच्या मनात एक स्वप्न पेरलेलं असतं. ते ओळखा, गुडघे टेका आणि घाम गाळा. भाषण साधारणच. मी यापेक्षा बरं केलं असतं, पण पास्टर भास्करराव मला कधी माइक देत नाहीत. माणूस भला, आवाका कमी.

मंडळी नेहमीचीच. केरळचे वेल्डर, ओडिशाचे हेल्पर, नगरकडची आमच्यासारखी दोनचार घरं. सगळे आमेन, आमेन करत होते. स्वप्न म्हणून एकाच्याही चेहऱ्यावर दिसलं नाही. नंतर जेवायला काय आहे, एवढंच दिसलं.

मला मात्र तिथल्या तिथे दर्शन झालं. टर्की.

टर्की पक्षी. नाताळात महाबळेश्वरच्या मोठ्या हॉटेलांत टर्की लागतोच. तो बिचारा कुठून कुठून येतो. आणि महाबळेश्वरच्या पायथ्याशी, पोलादपुरात, कोण राहतं? मी, इम्मानुएल पारखे. घाट चढला की हॉटेल. हे आजवर कुणालाच सुचलं नाही, यावरून या तालुक्याची बौद्धिक पातळी कळते.

परतताना एसटीत बायकोला, शर्मिलाला, सांगितलं. ती नाइट ड्युटी करून तशीच उपासनेला आली होती. डोळे मिटून हं म्हणाली. होकार मिळाला.

३ मार्च, सोमवार.

खातेवाटप केलं. सूत्र तीन भागांचं आहे. स्वप्न आणि प्रार्थना ही दोन खाती मी घेतली. म्हणजे तिनातले दोन वाटे माझ्यावरच. उरलेलं कष्ट खातं शर्मिलाकडे. सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, तिला उभं राहायची सवय आहे.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठून तासभर प्रार्थना.

४ मार्च. सकाळी सव्वाआठ.

गजर झालाच नाही. झाला होता, असं शर्मिला म्हणते. प्रार्थना पडल्या पडल्या केली. देव मन बघतो.

३१ मार्च, सोमवार.

राजीनामा दिला. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीच्या स्टोअर्समध्ये बारा वर्षं घासली. पिंपं मोजायची आणि गेटपास फाडायचे. माझ्या दर्जाचं काम त्यांच्याकडे नव्हतंच.

साहेब थांबवतील म्हणून वाक्य पाठ करून गेलो होतो, की सर, मला वरून बोलावणं आलंय. बोलायची वेळच आली नाही. साहेबांनी स्वतःचं पेन पुढे केलं. गेल्या महिन्यात माझ्या सहीने भलतीच पिंपं भलत्याच गाडीत गेली, त्याबद्दल चकार शब्द नाही. माणसं घाबरतात मला. निरोपाला समोसे मागवले होते. कुणाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. कोडगे आहेत.

घरी सांगितलं. शर्मिला उठून मोरीत गेली. मग भांडी घासू लागली. आनंद व्यक्त करायची तिची रीत वेगळी आहे.

१४ एप्रिल.

घरमालकीण कमळाबाई शेजारीच राहते. तिच्या परसातल्या रिकाम्या गोठ्यात टर्की ठेवायचे ठरवले. मी तिला माझ्या भाषेत प्रकल्प समजावून सांगितला. तिला काहीएक कळलं नाही, चक्क नाय म्हणाली. संध्याकाळी शर्मिलाने विचारलं तर हो म्हणाली. शर्मिला तिच्या साखरेच्या आजाराने चिघळलेल्या पायाचं ड्रेसिंग करून देते, तेवढ्यावर. अशिक्षित माणसाशी मुद्द्यावर बोलता येत नाही, पायावरच बोलावं लागतं.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे.

प्रकल्पासाठी कडक उपास. फक्त पाणी.

दुपारी दीड : पाणी आणि लिंबू सरबत.

सव्वातीन : कमळाबाईने फणसाची भाजी पाठवली. परत पाठवणं म्हणजे शेजाऱ्यांपुढे ख्रिस्ती माणसाची साक्ष बिघडवणं. खाल्ली. दोनदा वाढून घेतली, कारण पहिल्यांदा घाईत मन लागलं नव्हतं.

१२ मे, सोमवार.

पिल्लं आली. पन्नास. हॅचरीच्या टेंपोतून खोक्यांत. दिसायला अगदीच सामान्य. एवढ्या मोठ्या स्वप्नाची पिल्लं जरा भारदस्त असायला हवी होती.

कमळाबाई बघून म्हणाली, "ही कोंबडी नायत गो, ही गिधाडा हायत." हसली. हसू दे. तिने आयुष्यात कोंबडीच्या पलीकडे पाहिलंय काय?

१४ मे.

पिल्लं खात नाहीत. मी याचा आध्यात्मिक अर्थ लावला, ती उपासावर आहेत. शर्मिला म्हणते, टर्कीच्या पिल्लाला खायचं कसं तेच कळत नाही, शिकवावं लागतं. मोबाइलवर तिने कुठलासा व्हिडिओ पाहिलाय. रजा टाकून दिवसभर गोठ्यात उकिडवी बसली होती. उकडलेलं अंडं कुस्करून ताटलीत टाकायचं आणि त्यावर बोटाने टकटक करत राहायचं. टकटक, टकटक. मी आत पुस्तक वाचत होतो, त्रास झाला.

दुपारपर्यंत बरीचशी चोच मारायला लागली. मी दोन वाजता त्यासाठी प्रार्थना केलीच होती. एक वाजता खायला लागली होती हे खरं, पण देवाला वेळेचं बंधन नाही.

२५ मे, रविवार.

पाऊस यंदा लवकर आलाय. गोठ्याची जमीन उंच करून घ्या, वर प्लास्टिक टाका, असं शर्मिला आठवडाभर म्हणतेय. हे काम तिने माझ्या खात्यात ढकललं. खातेवाटप मोडलं जातंय, पण मी मोठ्या मनाने हो म्हटलं.

उद्या करतो.

२८ मे.

उद्या नक्की. आज विटा कोणत्या लावाव्यात यावर मनन केलं.

३ जून.

शर्मिलाने पुन्हा विचारलं. तिला सांगितलं की शास्त्रात महापुराआधी ज्याने तारू बांधलं, त्याला त्याच्या बायकोने तारीख विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही. ती म्हणाली, त्याने बांधलं होतं. बायकांना मूळ मुद्दा सोडून बोलायची खोड असते.

मी दुसरा मार्ग घेतलाय. पाऊस पोलादपूर सोडून पडावा अशी तीन दिवसांची विशेष प्रार्थना सुरू केली. समुद्रात पडू दे, महाडात पडू दे. महाडवाल्यांना पुराची सवय आहे.

१५ जून, रविवार. संध्याकाळ.

मी सकाळी बिरवाडीला उपासनेला गेलो होतो. शर्मिला ड्युटीवर. दुपारी ढगफुटी झाल्यासारखा कोसळला. परसातला ओहोळ थेट गोठ्यात शिरला. कमळाबाईने दवाखान्यात फोन केला, शर्मिला युनिफॉर्मवर पळत आली. दोघींनी पिल्लं घरात आणली. भिजलेली पिल्लं जगत नाहीत. अकरा गेली.

मी पोचलो तेव्हा शर्मिला माझ्या पलंगावर, माझ्या टॉवेलात पिल्लं गुंडाळून, एकेकाला तव्यावर गरम केलेल्या फडक्याने शेकत होती. केस ओले, पायाला चिखल. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कमळाबाई पाहत होती आणि तिची नजर मला आवडली नाही.

मी दोघींना धीर दिला. देव आधी सैन्य कमी करतो आणि मग विजय देतो, हे समजावलं. कुणी आमेन म्हटलं नाही.

चहा मिळाला नाही. टॉवेल वाया गेला.

१६ जून.

शर्मिला आणि कमळाबाई यांनी मिळून जमीन उंच केली. विटा, पालापाचोळा, भाताचं तूस, वर जुन्या फ्लेक्सचं छत. कोणत्या तरी नेत्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, आता तो उलटा टर्कींकडे बघून हसतो. मी दारातून मार्गदर्शन केलं. दोघींचं काम बरं आहे, सौंदर्यदृष्टी नाही.

२० जुलै.

पक्षी वाढताहेत. मी आत जाणं बंद केलंय. त्यातला एक मोठा नर मला बघितलं की पंख खाली पाडून धावून येतो. काल पोटरीला चोच मारली. शर्मिलाच्या मागे मात्र सगळे कुत्र्यासारखे फिरतात. जो त्यांच्यासाठी गुडघे झिजवतो त्याला छळ, आणि जी नुसतं खायला घालते तिला प्रेम. संदेष्ट्यांचं हेच होतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार.

महाडहून मुराद आला होता. चिकनचा व्यापारी. दहाबारा वर्षं आखातात होता, आता चिकनची गाडी फिरवतो. शर्मिलाने त्याच्या आईला दवाखान्यात सांभाळलं होतं, ती ओळख. पक्षी पाहून खूश झाला. डिसेंबरात सगळे घेईन म्हणाला, महाडात आणि मुंबईला त्याची गिऱ्हाइकं आहेत.

मी त्याला स्पष्ट सांगितलं की हे पक्षी बाजारात आकड्याला टांगायला नाहीत, ते पंचतारांकित आहेत. तो जरासा हसला आणि शर्मिलाला म्हणाला, "सिस्टर, लागलं तर फोन करा." माझ्याशी चर्चा चालू असताना तिच्याशी बोलायची गरज नव्हती. व्यापारी माणसाला संस्कार नसतात. जाताना खजूर ठेवून गेला. खजूर चांगले होते.

७ सप्टेंबर, रविवार.

मोठा आध्यात्मिक अनुभव. परसात उभा राहून मोठ्याने प्रार्थना करत होतो. 'हे प्रभो' म्हटलं आणि आतून सगळे नर एकदम ओरडले : गबगबगबगब. थांबलो. पुन्हा म्हटलं. पुन्हा गबगबगब. प्रत्येक वाक्याला एकमुखाने साथ. बिरवाडीच्या मंडळीत एवढी एकी मी कधी पाहिली नाही.

१४ सप्टेंबर.

पास्टर भास्करराव शेडला आशीर्वाद द्यायला आले. येताना शिंकले. पक्ष्यांनी शिंकेलाही आमेन केलं. नंतर समोरून एसटीने हॉर्न दिला, त्यालाही केलं. त्यांचं थोडं शिक्षण बाकी आहे.

पास्टरांनी सगळी शेड फिरून पाहिली, पाण्याची भांडी, तुसाचा थर, आजारी पक्ष्यांचा वेगळा कप्पा. म्हणाले, फार कष्ट दिसतात हो. मी नम्रपणे मान खाली घातली. मग त्यांनी शर्मिलाला विचारलं की ती झोपते कधी. विषयाला धरून बोलण्याची त्यांची शैलीच नाही.

नाताळच्या उपासनेत आपल्या घरातून साक्ष व्हावी, देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगावं, असं म्हणाले. शेवटी त्यांनाही कळलं. माइक येणार.

५ ऑक्टोबर.

साक्षीचं भाषण लिहायला घेतलं. शीर्षक : 'स्वप्न, प्रार्थना आणि कष्ट : एक जिवंत उदाहरण'. पहिलं वाक्य झालं. दमलो.

महाबळेश्वरच्या हॉटेलांना फोन केला का, असं शर्मिलाने विचारलं. मी फोन करणं म्हणजे अविश्वास. फोन त्यांचा यावा म्हणून मी रोज मागतोय. मोबाइल उशाशी ठेवला आहे.

९ ऑक्टोबर.

फोन आला! पर्सनल लोन घेता का म्हणून. सैतान किती बारकाईने काम करतो.

९ नोव्हेंबर, रविवार.

शर्मिलाने आज ताटावरून सरळ सांगितलं, की दाणा संपत आलाय, तिच्या पगारातून आणखी निघत नाही, गिऱ्हाईक कुठे आहे? आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढत नाही, उलट उतरत जातो. तेव्हा जास्त लागतं.

ठीक आहे. उद्या स्वतः जातो. डोंगर आपल्याकडे येत नसेल तर आंबेनळी घाट आपण चढू.

१० नोव्हेंबर.

महाबळेश्वरला जाऊन आलो. घाटात उलटी झाली. एका बड्या हॉटेलात खरेदी बघणाऱ्या माणसाला भेटलो. वय लहान, उद्धट. उभ्यानेच बोलला. त्यांना साफ केलेला, गोठवलेला, परवान्याचा शिक्का असलेला माल लागतो आणि नाताळची ऑर्डर सप्टेंबरातच जाते. मी त्याला माझ्या दर्शनाबद्दल सांगितलं. तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "बघू, नंबर ठेवून जा."

बघू. नाही म्हणाला नाही. याला विश्वासाच्या भाषेत होकार म्हणतात.

घरी सांगितलं, ऑर्डर पक्की. शर्मिला भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळे पुसले. मला ते बघून बरं वाटलं आणि का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं. स्ट्रॉबेरी आणल्या होत्या, त्या तिला दिल्या. अर्ध्या.

१६ नोव्हेंबर, रविवार.

मंडळीत ऑर्डरची घोषणा केली. टाळ्या. एका ओडिशाच्या हेल्परने विचारलं की हॉटेलचं नाव काय. हेल्परने हेल्परसारखं राहावं.

७ डिसेंबर.

हॉटेलचा फोन नाही. मोठे लोक शेवटच्या क्षणी करतात.

१४ डिसेंबर.

रेंज नसेल.

१९ डिसेंबर, शुक्रवार.

शर्मिलाने हॉटेलचा नंबर नेटवरून काढून माझ्यासमोर फोन लावला. स्पीकरवर. टर्कीचे पारखे म्हटल्यावर समोरचा म्हणाला, "कोण पारखे?" दुसऱ्या कुणाला तरी विचारलं. तोही म्हणाला, कोण पारखे. त्यांचे टर्की दोन आठवड्यांपूर्वीच येऊन फ्रीजरमध्ये पडले होते.

तिने फोन ठेवला. मी सांगू लागलो की ही परीक्षा आहे. ती ऐकत नव्हती. परसात गेली, पक्ष्यांना पाणी बदललं, दाणा टाकला, मग तिथूनच मुरादला फोन केला. मला तीन वाक्यं ऐकू आली आणि तिसऱ्यात ती हसली. गेल्या कित्येक महिन्यांत घरात कुणी हसलेलं नाही. शेजारून कमळाबाई हसते ते वेगळं.

मी मुरादला परवानगी देत आहे.

२४ डिसेंबर, बुधवार.

मुरादची गाडी सकाळीच आली. त्याने स्वतः एकेक पक्षी उचलून पिंजऱ्यात ठेवला, घाई नाही, आदळआपट नाही. माझी पोटरी फोडणारा तो नर शर्मिलाच्या पायाशी येऊन बसला होता. तिने त्याला उचलून दिलं आणि आत निघून गेली.

मला वाटलं होतं, दोनचार जोड्या ठेवायच्या. पुढच्या वर्षी पाचशे. मोरगिरीकडे जागा घ्यायची, पाटी लावायची. मुरादही म्हणाला, धंदा चांगला आहे सिस्टर, थोडे ठेवा. ती सगळे द्यायला निघाली होती. सगळे म्हणजे सगळे.

गाडी गेल्यावर तिला विचारलं, चालू झालेलं काम असं कुणी बंद करतं का? तुझ्याच कष्टाला फळ आलं होतं. ती गोठ्यातलं तूस झाडत होती. झाडू भिंतीला टेकवला.

"ते जिवंत होते आणि भुकेले होते, म्हणून केलं," ती म्हणाली. "स्वप्न तुमचं होतं. मला टर्की कधीच नको होते हो. मला झोप हवी होती."

तिने पुन्हा झाडू घेतला.

२५ डिसेंबर, नाताळ.

नवीन शर्ट, टाय. भाषण खिशात. पहिल्या वाक्यापुढे गेलेलं नव्हतं, पण मी उत्स्फूर्त जास्त चांगला बोलतो.

हॉल भरलेला. केरळवाल्यांनी तारे लावले होते, बरे होते. शर्मिला माझ्या शेजारी. रात्रभर तिची ड्युटी होती. गीत झालं, वाचन झालं. मग पास्टर माइकवर आले आणि म्हणाले की आता पारखे कुटुंबाची साक्ष. मी उठलो, टाय नीट केला.

पास्टर म्हणाले, "सिस्टर शर्मिला."

माझ्या कानांचा दोष असेल म्हणून मी उभाच राहिलो. सगळे आमच्याकडे वळून बघायला लागले. शर्मिला उठली नाही. ती झोपली होती. भिंतीला डोकं टेकून, तोंड थोडं उघडं, मांडीवर हात तसेच पडलेले. तिच्या नखांत अजून तूस होतं.

कुणी हललं नाही. मग मी परिस्थिती हातात घेतली. पुढे जाऊन माइक धरला. आयुष्यात पहिल्यांदा. 'प्रिय मंडळी' म्हटलं आणि स्पीकर कर्कश वाजला. पास्टरांनी हळूच माझा हात धरून माइक खाली घेतला.

"पारखे, बसा," ते कुजबुजले. "झोपू द्या त्यांना."

पुढचं गीत सगळ्यांनी अगदी हलक्या आवाजात म्हटलं. वेल्डर, हेल्पर, सगळे. वाद्यं बंद. एवढ्या मोठ्या माणसांना इतकं हळू गाता येतं हे मला माहीत नव्हतं. त्या ओडिशाच्या हेल्परने पंखा बंद केला आणि त्याच्या बायकोने आपली शाल शर्मिलाच्या अंगावर टाकली. मी कुठे उभं राहावं ते कळेना, म्हणून दाराशी चपलांपाशी उभा राहिलो.

२६ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी सात.

आज तिला सुट्टी आहे. कालपासून झोपलीच आहे. घर फार शांत आहे. परसात जाऊन आलो, तिथे करण्यासारखं काही नाही. प्रार्थनेला बसलो, पण काय मागायचं ते आठवेना.

मी काल रात्री विचार केला. कुणी सांगितलं म्हणून नाही. माझ्या खात्याची पुनर्रचना करायचं ठरवलं. कष्ट खातं आजपासून मी घेतोय. सुरुवात चहापासून. ती उठायच्या आत तिच्या उशाशी गरम चहा ठेवायचा, न बोलता. पाणी टाकलं. आलं सापडलं, ठेचलं. चहाची पूड मिळाली. दूध उतू गेलं पण बरंचसं उरलं.

साखर सापडली नाही. सगळे डबे उघडले. एकात डाळ, एकात रवा, एकात गोळ्या-औषधं. याच घरात आम्ही नऊ वर्षं राहतोय.

पंधरा मिनिटं शोधलं. चहा निवत चालला होता.

तिला उठवून विचारलं.